धुळ्याला जाऊन आलेला ओटा

जमा: खडी, दोन पोती. खर्च: एसटी जाऊन-येऊन, पोत्यांसकट, ६३० रुपये, रिक्षा २००, शेवभाजी-भाकरी १६०. वाचकहो, खडी आमचीच. फक्त धुळ्याला जाऊन फुटून आली.

झालं असं. जळगावात आमच्या अंगणात पाण्याचा पाइप टाकताना तुळशीचा सिमेंटचा ओटा फुटला. सासूबाई म्हणाल्या, "माझा ओटा नाल्यात फेकला तर नव्यावर मी दिवा लावणार नाही." मी म्हटलं, त्याचीच खडी करून नव्यात घालू. गवंडी नाना उखडले, "उष्टी खडी देवाच्या ओट्याला? मी नाही घालायचो."

धुळ्याजवळच्या एका कारखान्यात पाडलेल्या घरांची खडी करतात, असं ऐकलं होतं. देवाचं नाव घेऊन आमच्या ह्यांनी आणि मी सकाळची एसटी धरली.

"अक्का, पोतामा काय शे?" कंडक्टर.

"तुळशीना ओटा."

"मंग तुळस कोठे शे?"

"घर शे. तिले गाडी लागस."

मला अर्धं तिकीट, ओट्याला पूर्ण!

एरंडोल, पारोळा करत अडीच तासांत धुळे. स्टँडवर रिक्षाचे पैसे आधी ठरवा, मगच बसा. कारखान्यात विटांचा ढीग वेगळा, काँक्रीटचा वेगळा. सळया ओढायला भलंमोठं लोहचुंबक. तिथले भाऊ हसले, "इथे डंपर येतात, मावशी!" तरी नमुने फोडायच्या लहान यंत्रात त्यांनी आमचा ओटा घातला. पैसे घेतले नाहीत. बजावलं मात्र, "या खडीला जुनं सिमेंट चिकटलेलं असतं, ती फार पाणी पिते. आधी भिजवा, निथळा, मग कालवा. ओट्याला चालेल, स्लॅबला घालू नका."

"म्हणजे साबुदाण्यासारखं," मी म्हटलं.

रात्रभर भिजवून सकाळी जुन्या लुगड्यावर निथळत टाकली. नाना आले. "वहिनी, खडीला मोड काढता का? पण उष्टी ती उष्टीच."

सासूबाई दारातूनच बोलल्या, "देवापुढलं उष्टं कसं व्हई रे भाऊ? हाऊ परसाद शे."

नानांनी चप्पल काढली आणि थापी उचलली.

ओटा जरा खडबडीत झालाय. कोपऱ्यात जुन्या गेरूचा एक लाल ठिपका वर आलाय. सासूबाईंनी दिवा नेमका तिथेच ठेवला.

भडगावचे मामा, वाचत असाल तर तुमचं पाडलेलं न्हाणीघर गिरणा नदीत टाकू नका. पोती किती भरतील, तेवढं उलट टपाली कळवा.