मशीनच्या आधी पाय

ड्रॅगलाइनची बादली वर आली आणि दत्ताने मशीन बंद केलं. चालू शिफ्टमध्ये दत्ता मशीन कधीच बंद करत नसे. मी काठावरून धावत सुटलो.

"साहेबानु, ह्यां बगा!" आमचा हा मालवणी ऑपरेटर केबिनमधूनच ओरडला. "जित्तां आसा!"

बादलीतल्या गाळात एक कासव पाय झाडत होतं. त्याच्या पाठीवर बादलीच्या दाताचा लांबलचक ओरखडा होता आणि त्यातून रक्त येत होतं. मी ते दोन्ही हातांनी उचलून बाहेर घेतलं.

ऐंशीच्या दशकातला मे महिना. चारकोपच्या नव्या वसाहतीच्या सेक्टरांची अजून नुसती आखणी चालली होती, पण गाव जुनं आणि गावाचं तळं त्याहून जुनं. ते गाळाने निम्मं भरलं होतं. मी कंत्राटदाराकडे ज्युनिअर इंजिनिअर होतो आणि ही माझी पहिली स्वतंत्र साइट. ड्रॅगलाइन म्हणजे दोराला बांधलेली लोखंडी बादली लांब फेकून गाळ ओढून आणणारी क्रेन. ती उतरवण्याआधी पंप लावून तळं उपसायचं, याला आम्ही डीवॉटरिंग म्हणतो. पाणी आटलं की मासे, कासवं शेवटच्या डबक्यात गोळा होतात. ती उचलून दुसरीकडे सोडायची. मी नऊ कासवं उचलून गोठ्याजवळच्या दगडी हौदात सोडली आणि "वाइल्डलाइफ क्लिअर" असा रिपोर्ट सही ठोकून माझ्या वरिष्ठ साहेबांना ऐटीत देऊन टाकला. हे दहावं कुठून आलं?

मी विचार करतोय तोवर हिराबाई येऊन मशीनसमोर बसलीसुद्धा. तळ्याकाठी राहणारी ही कोळीण बाजारातून परतली होती. रिकामी पाटी मांडीवर. मागोमाग आणखी सात-आठ जणी बसल्या.

"तुजा मशीन बंद," ती म्हणाली. "एक पन कासव मेला तं तल्याला हात लावू द्याची नाय."

"अहो बाई, सगळी काढली होती मी!"

"पान्यातली कारलीस. चिखलातली कोन कारील? उन्हाल्यात कासव चिखलात शिरून निजतंय. पानी गेला म्हनून उठतंय काय?"

मी कॉलेजात मातीचा सगळा अभ्यास केला होता. त्या मातीत कोणी निजलेलं असेल, हे काही कोणी शिकवलं नव्हतं.

नाक्यावरच्या दुकानातून साहेबांना फोन केला.

"आज सोमवार," ते म्हणाले. "शनिवारी मशीन जोगेश्वरीला जाणार म्हणजे जाणार. अर्धवट तळं टाकून आलास, तर तूही येऊ नकोस!"

माझी नोकरी जाणार ते वेगळंच, पण तळ्याची पुरती वाट लागणार होती. मीच उपसून ठेवलेलं. गुरांना पाणी नाही, भाद्रपदात त्या अर्धवट खड्ड्यांत गणपती बुडवायची सोय नाही, आणि हौदातली कासवं त्या उन्हात किती दिवस तग धरणार?

मी लोखंडी सळ्या मागवल्या. चिखलात खुपसून कासवं शोधावीत, असा माझा इंजिनिअरी विचार. हिराबाईने सळी हातातून हिसकावून घेतली.

"टोचून बगतंस? मंग मशीन काय वायट होता?"

तिने लुगडं खोचलं आणि सरळ चिखलात उतरली. बाकीच्याही उतरल्या. ओहोटीला खाडीच्या चिखलात या बायका पायांनी शिंपल्या शोधतात. डोळ्यांना काही दिसत नाही, सगळं तळव्याला कळतं. दहा पावलं गेली असतील नसतील, हिराबाई थांबली, वाकली, कोपरापर्यंत हात घातला आणि ताटाएवढं कासव वर काढलं. मी काठावर टाळ्या पिटल्या. अक्षरशः!

मग मलाही काम सुचलं. खुंट्या ठोकून सुतळीने तळ्याचे पट्टे पाडले. बायकांनी ओळीने पट्टा तुडवायचा, त्यांनी होकार दिला की तो दत्ताच्या ताब्यात. त्या पुढे, मशीन मागे. ओल्या गोणपाटात गुंडाळलेली कासवं हौदाकडे. पहिल्याच दिवशी चौदा निघाली!

दुसऱ्या दिवशी राहवेना. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मीही उतरलो. "दगड पायाखाली गप ऱ्हातंय," हिराबाईने शिकवलं. "कासव दबतंय आनि मंग ढकलतंय." तासभर मी दगडच काढले आणि बायका खो खो हसल्या. मग डाव्या टाचेखाली काहीतरी दबलं, आणि हळूच त्याने मला वर ढकललं! "सापडलं!" मी असा ओरडलो की दत्ताने घाबरून पुन्हा मशीन बंद केलं.

नेमके तेव्हाच साहेब गाडीतून उतरले.

"हे काय चाललंय रे?"

"सर्व्हे, साहेब," मी म्हणालो. हातात कासव, शर्टभर चिखल.

साहेबांनी काठावरून सुतळीचे पट्टे मोजले. मग म्हणाले, "शनिवार विसरू नकोस," आणि गेले.

शुक्रवारी दुपारी शेवटचा पट्टा संपला. काठावरच्या उंबराखालचा एक कोपरा मात्र हिराबाईने खणू दिला नाही. "त्यांना निजाला नको?" तिने विचारलं. मी नकाशात तो कोपरा रेघा मारून सोडून दिला. शनिवारी मशीन गेलं. टँकरने त्या कोपऱ्यापाशी डबकं भरून आम्ही कासवं सोडली. ओरखडावालं मी स्वतः सोडलं. ते जगेल असं मला काही वाटत नव्हतं.

दोन वर्षांनी विसर्जनाआधीच्या पाहणीला गेलो. तळं काठोकाठ भरलेलं. उंबराखाली एक कासव ऊन खात बसलं होतं. पाठीवर लांबलचक पांढरा व्रण. मी वाकून नीट पाहिलं.

"वलखलास?" मागून हिराबाईचा आवाज आला. "तुजी सही हाय त्याच्यावर."

नोकरीत पुढे कितीतरी कागदांवर सह्या केल्या, पण इतकी लाज वाटावी आणि इतका आनंद व्हावा अशी सही तेवढी एकच. तेव्हापासून तळ्याच्या कुठल्याही साइटवर मशीन उतरण्याआधी मी बूट काढतो.