टँकरपुढची पहिली घागर

दुष्काळात हाताला काम नव्हतं, म्हणून मी आमच्या मुखेडजवळच्या गावाची टर उडवणारं कार्टून मोबाइलवर काढायला लागलो. दर रविवारी एक भाग. त्यात सरपंच रेडा, ग्रामसेवक घुबड आणि शेजारची धुरपतामावशी टिटवी. सरपंचानं स्वतःचा रेडा ओळखलाच नाही. बाकीच्यांना खदाखदा हसला. मावशी मात्र तणतणत घरी आली.

"व्यंकटी, मला टिटवी केलंस, कर. पण टँकरपुढं माझी घागर चौथी? वीस उन्हाळे झाले, पहिली घागर माझीच हाय!"

पुढच्या भागात मी तिची घागर पहिली केली. मावशीनं तो दोनदा बघितला, मान डोलावली.

"आता ह्या टँकरवाल्याचा नंबर दे," ती म्हणाली. "ह्यो दर रविवारी येतो. आपला पंधरा दिवस झाले, फिरकला न्हाई."