किसनाचं जावळ

मनमाडला गाडी बदलताना विश्वनाथने मला हळूच सांगितलं की आपण ज्या रोडग्यांसाठी चाललो आहोत ते नवसाचे आहेत, आणि तो नवस अजून पुरा झालेला नाही.

"मग फेडायचा कसा?" मी विचारलं.

"तेच बघायला चाललोय," तो म्हणाला आणि घोंगडी ओढून झोपला.

पुण्याच्या तारऑफिसात आमची टेबलं शेजारशेजारी. रोडग्यांचं (गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे) वर्णन करकरून त्याने मला वर्षभर छळलं होतं. साठ-एकसष्टच्या त्या थंडीत शेवटी मी रजा काढली, ती निव्वळ जिभेपायी.

अकोल्याला सकाळी उतरलो. कापसाच्या गाड्यांची रांग हलायला तयार नव्हती, आणि रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस असा चिकटला होता की झाडांनी दाढीला साबण लावलाय असं वाटावं. एस.टी.ने बार्शीटाकळी गाठली. पुढे दमणी (हलकी बैलगाडी). काळ्या मातीतल्या चाकोरीने हाडं खिळखिळी केली, आणि माझी वळकटी वाटेत कुठे पडली ते बैलांनाही कळलं नाही. तासभर मागे जाऊन ती शोधून आणली. विश्वनाथ हसत होता, मी नव्हतो.

गावाच्या शिवेवर एक माणूस धावत समोर आला. वय तिशीचं, अंगाने दांडगा. डोकं बारीक केलेलं, पण टाळूवर राखलेली एक लांब बट कमरेपर्यंत लोंबत होती आणि तिला मागून दोनतीन पोरं लटकली होती. बटेच्या टोकाला रिकामा डबा बांधलेला. माणूस हसत होता, पण ओढ बसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं. विश्वनाथने खाली उडी टाकून पोरांना पिटाळलं, डबा सोडला आणि मला म्हणाला, "हा माझा मोठा भाऊ, किसना."

उरलेल्या वाटेत त्याने सगळं सांगितलं. किसना चार वर्षांचा झाला तरी बोलेना. पुढे बोलला, पण बुद्धी पाचसहा वर्षांच्या पोराचीच राहिली. तेव्हा आईने नाल्याकाठच्या आसरामायला (पाण्याची देवी) नवस केला: पोर शहाणं होऊ दे, तुझ्या पारावर त्याचं जावळ उतरवीन आणि गावाला रोडगे घालीन. तोवर टाळूच्या केसाला हात लागणार नाही. वडील गेले, विश्वनाथ शिकून पुण्याला आला, आणि जावळ वाढत राहिलं.

घरी ओसरीवर त्याची आत्या बसली होती, चांदूर बाजारहून मुद्दाम आलेली. मला बघताच म्हणाली, "तुमी काहून आले?" माझ्या पुणेरी कानांना हा पाहुणचार चांगलाच झोंबला. नंतर कळलं की 'काहून' म्हणजे 'का', आणि ही साधी चौकशी होती. तिने लगेच माझ्या हातात गुळाचा खडा आणि पाण्याचा गडू दिला.

खरी तोफ भावजयीवर होती. "पोरगं शाहाणं झालं काय? नाई ना? मंग आसरामायची थट्टा करून राहिली काय तू? गावातलं कोनी येनार नाई. असं अन्न खाल्लं तर खानाऱ्याले बाधते."

विश्वनाथची आई जानकाबाई चुलीशी वांगी चिरत होती. बाई लहानखुरी, आवाजही लहान. "बाई, पोट्टे त्याले त्या जावळानं वढतेत," ती म्हणाली. "लोकायनं त्याले येडा म्हटलं, ते मी आयकून घेतलं. पन ते जावळ त म्याच राखलं ना. मले आता पाहावत नाई."

आत्याने तोंड फिरवलं. देवाशी केलेला करार एका बाजूने मोडायचा तर कोणाला विचारायचं?

संध्याकाळी त्यांची शेती बटाईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, करणारा भगवान आला. त्याच्या घराने छप्पन साली बौद्ध धम्म घेतलेला. तो अंगणातूनच म्हणाला, "माय, आमी नवससायास सोडले. देवाचं असंल त आमाले बलावू नोको. किसनाभाऊचं जेवन असंल त घरचे सारे येतो."

जानकाबाई चुलीपासून उठून अंगणात आली. मग म्हणाली, "किसनाचंच हाय." आणि रोडगे आसरामायच्या पाराऐवजी आपल्या शेतात, निंबाखाली करायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी गोवऱ्या पेटल्या, वरण उकळू लागलं, न्हावी धोपटी उघडून बसला. आणि किसनाने दोन्ही हातांनी जावळ घट्ट धरलं. "मी नाई कापू देत."

आम्ही सगळे देवाचं काय, गावाचं काय, यावर भांडत होतो. ज्याचे केस होते त्याला कोणी विचारलंच नव्हतं. विश्वनाथ रागावला, न्हाव्याने बिडी पेटवली, आत्या म्हणाली, "पाहा, तिची इच्छा नाई." आसरामायची, म्हणजे.

जानकाबाई किसनासमोर मातीत बसली. "काहून रे, राजा?"

"कापलं त तू तेल नाई लावनार."

माउलीने आजवर त्या बटेला दर शनिवारी मांडीवर डोकं घेऊन तेल लावलं होतं. तिने त्याचे हात हळूच सोडवले. "लावीन ना. टकल्यालेबी लावीन. टकल्याले त लय थंडी वाजते."

किसना विचार करून म्हणाला, "आजच लावजो." आणि न्हाव्यापुढे मान वाकवली. मी निंबाकडे बघत डोळे पुसले. धूर होताच, कोणी विचारलं नाही. जावळ जानकाबाईने नाल्यात सोडलं.

निम्मं गाव आलं नाही. जे आले त्यांच्या पंगती दोन बसल्या, भगवानच्या घरच्यांची वेगळी. चांगलं तेवढंच लिहावं असं नाही. पण दोन्हीकडे रोडगे किसनाने वाढले. आजवर पंगतीत त्याला वाढू देत नसत. सांडेल, धक्का लागेल म्हणत. त्याने वाढलेला पहिला रोडगा मी अधाशीपणे फोडला आणि बोटं भाजून घेतली. आत कणीदार, वर तुपाची धार, सोबत वांग्याची जाळ भाजी.

आत्या पाठ करून बसली होती. किसना तिच्यापुढे रोडगा धरून उभा राहिला. "घे ना आत्या, गरम हाय." तो हलेना. शेवटी तिने एक तुकडा मोडला, चावला, म्हणाली, "मीठ कमी हाय." आणि दोन रोडगे खाल्ले.

निघायच्या दिवशी जानकाबाई आणि किसना आम्हाला शिवेपर्यंत पोचवायला आले. तीच पोरं पुन्हा भेटली. ओढायला काही नाही म्हणून क्षणभर थांबली, मग ओरडली, "टकल्या! टकल्या!" विश्वनाथ त्यांच्यामागे धावणार, तोच जानकाबाईने त्याचा हात धरला.

"ओरडू दे," ती म्हणाली. "टकले गावात लय हायेत. त्यायच्यातला एक झाला माहा किसना."

परतीच्या गाडीत विश्वनाथ पुन्हा घोंगडी ओढून झोपला. अशा माणसाने बदलावं म्हणून आपण वाट बघतो, देव घालतो पाण्यात. आणि तो आहे तसा चार लोकांत बसेल कुठे, एवढं साधं बघायचं राहून जातं. घरी पोचल्यावर रोडगे नवसाचे होते एवढं सांगितलं, तेव्हा माझ्या आईने विचारलं, "कसला रे नवस होता? फळला का?"

मी हो म्हणालो. खोटं बोललो असं मला अजून वाटत नाही.