ऑर्व्हिल टॅडलॉकचा फळा

हार्डिन क्रॉसिंगमध्ये ऑर्व्हिल टॅडलॉक गवत कापायची यंत्रं दुरुस्त करतो. वय त्रेसष्ट, उजवा गुडघा कामातून गेलेला, बोलणं मोजकं. दुकानाच्या मागच्या भिंतीला काळा रंगवलेला पत्रा ठोकला आहे. त्यावर डावीकडे कॉलेजांच्या फुटबॉल संघांची नावं, उजवीकडे गावातल्या माणसांची. ही माणसं फुटबॉल खेळत नाहीत. कोणी मासे पकडण्याच्या स्पर्धांत उतरतं, कोणी टेनिस खेळतं, कोणी धावतं. कुठला संघ कुणासारखा, हे ऑर्व्हिल ठरवतो. अलाबामाच्या या कोपऱ्यात त्याचा शब्द सगळेच मानतात असं नाही, पण वाचायला सगळे येतात.

पत्र्यावर टॅलिस युनिव्हर्सिटीच्या नावासमोर रेनी गोफोर्थ. रेनीची मोटारबोट साठ हजार डॉलरची आहे आणि तो मासे आणतो तेवढेच, जेवढे त्याचा काका जुन्या लाकडी होडीतून आणतो. सेंट क्लेमेंटसमोर मेथडिस्ट चर्चच्या दोन टेनिस खेळणाऱ्या बायका. त्या १९७९ साली जिल्ह्यात पहिल्या आल्या होत्या आणि अजून तेच सांगतात. मार्बरी टेकसमोर गेल्या वर्षी हायस्कुलातली एक धावपटू मुलगी होती, ती आता शिकायला ओहायोला गेली. जागा रिकामी.

नियम दोन. ज्याला स्वतःच्या डोळ्यांनी तीनदा खेळताना पाहिलं नाही, त्याचं नाव पत्र्यावर जात नाही. आणि फुटबॉल हंगामाच्या पहिल्या शनिवारी सकाळी नावं रंगवली, की वर्षभर हात लावायचा नाही. खडू का नाही, असं कोणी विचारलं तर ऑर्व्हिल म्हणतो, "खडूनं लिहिलेलं लोक पुसतात."

कुसाडा स्टेटसमोर तीन वर्षं एकच नाव होतं. व्हर्लीन पिकेट.

व्हर्लीन पोस्टाच्या खिडकीवर बसते. गुरुवारी संध्याकाळी बोलिंग खेळते: लाकडी पट्टीवरून जड गोळा सोडायचा आणि टोकाला उभे दहा खुंट पाडायचे. असे दहा डाव. नऊ डावांपर्यंत तालुक्यात तिच्या तोडीचं कोणी नाही. सलग तीन वर्षं अंतिम सामन्यात ती नवव्या डावापर्यंत पुढे होती आणि दहाव्यात ढेपाळली. कुसाडा स्टेटही तीन चतुर्थांश सामना पुढे असतो आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत सगळं घालवतो. जोडी अचूक होती, त्रास त्याचाच होता. टपाल न्यायला आलेला माणूस म्हणायचा, "मिस व्हर्लीन, पावणेपाच झाले. शेवटची पंधरा मिनिटं आहेत, पाकीट सांभाळा बरं." रोज कोणीतरी. तीन वर्षं.

या ऑगस्टमध्ये, अंतिम सामन्याच्या आठवड्यात सोमवारी, ती दुकानात आली. बाकावर बसून क्लेव्ह हॅगर्टी उकडलेल्या शेंगा खात होता. क्लेव्हनं तीस वर्षं शाळेची बस चालवली. आता तो हा बाक चालवतो.

"ऑर्व्हिल, या वर्षी माझं नाव नको," ती म्हणाली.

"गुरुवारी बघू."

"बघू नाही. नको म्हणजे नको."

"अगं, कुसाडा माझा संघ आहे. चाळीस वर्षं जीव लावलाय मी त्यांच्यावर. त्यांच्याशेजारी तुझं नाव लिहिलं, यात अपमान कसला?"

"तुझं प्रेम तू कर. टोमणे मी खाते."

क्लेव्ह म्हणाला, "जिंकून टाक ना बाई, म्हणजे विषयच संपला."

"तू शेंगा खा." ती ऑर्व्हिलकडे वळली. "आणि तू येऊच नकोस. तिन्ही वर्षं माझ्या पाठीमागे वही घेऊन बसलास. दहाव्या डावाला उठले की तुझं पेन्सिलीला टोक काढणं ऐकू येतं मला."

ऑर्व्हिलला हे नवीन होतं. पाहिल्याशिवाय लिहायचं नाही हा त्याचा नियम, आणि त्याचं पाहणंच तिच्या आड येत होतं. त्यानं हातातला कार्बुरेटर पुसून खाली ठेवला.

"तुला दिसणार नाही असा बसलो तर?"

"बसशील तिथे बस. मला कळता कामा नये."

गुरुवारी तो बोलिंग हॉलच्या स्वयंपाकघराच्या दारानं आत गेला. भेंडी तळणाऱ्या बाईशेजारी उभं राहून, ताटल्या द्यायच्या चौकोनी झरोक्यातून त्यानं सगळा सामना पाहिला. वही दुकानात ठेवली होती. गुडघा दुखत होता आणि शर्टावर तेल उडत होतं. बाईनं दोनदा त्याला बाजूला सारलं.

व्हर्लीनविरुद्ध ट्विला बॉग्ज होती, वय चोवीस, मनगट लोखंडी. आठव्या डावाला व्हर्लीन पुढे, नवव्यालाही पुढे. दहाव्याला ती उठली तेव्हा हॉलमध्ये कोणीतरी खोकलं. तिनं मागे पाहिलं, ऑर्व्हिलची नेहमीची खुर्ची पाहिली. रिकामी होती. मग तिनं गोळा सोडला. दहाही खुंट पडले. दहाव्या डावात असं झालं की आणखी दोन फेकी मिळतात. पुन्हा सोडला, पुन्हा दहा. तिसऱ्यांदाही.

ट्विलानं आठव्या-नवव्या डावांतही एकाच फेकीत दहा खुंट पाडले होते आणि त्यांचे जादा गुण पुढच्या फेकींवरून मिळायचे होते. तिला जिंकायचं तर तिन्ही फेकींत तेच करावं लागणार होतं. तिनं केलं. व्हर्लीन दोन गुणांनी हरली.

शुक्रवारी बाकावर जागा नव्हती.

"चौथं वर्ष," क्लेव्ह म्हणाला. "ब्रश कशाला भिजवतोस? आहे ते नाव राहू दे."

"ती ढेपाळली नाही," ऑर्व्हिल म्हणाला.

"हरली ना?"

"हरली. ढेपाळली नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

"तुझ्या कुसाडालाही हेच सांगतोस का रे?"

"नाही. ते ढेपाळतातच."

बाक हसला. ऑर्व्हिल हसला नाही. मार्बरी टेकनं गेला हंगाम कसा संपवला ते त्यानं आठवून सांगितलं: शेवटच्या मिनिटापर्यंत एकही चूक नाही, आणि त्या दिवशी त्यांच्याहून चांगला खेळणाऱ्या संघाकडून एका गुणानं हार. क्लेव्हनं दोन चुका काढल्या, त्यातली एक खरी होती. पण मूळ मुद्दा त्याला खोडता आला नाही.

शनिवारी सकाळी व्हर्लीन आली तेव्हा रंग ओला होता. तिनं मार्बरी टेकसमोरचं आपलं नाव वाचलं, मग कुसाडासमोरची मोकळी जागा पाहिली.

"हरल्यावर बढती देतोस?"

"बढती नाही. बदली."

"आणि तिथे कोण?"

"कोणी नाही. तसा माणूस सध्या पाहण्यात नाही." एवढं बोलायला त्याला जड गेलं. आपल्याच संघाला वर्षभर जोडीदार नाही.

"तू कुठून पाहिलास सामना?"

"भेंडीच्या कढईशेजारून."

ती मोठ्यानं हसली. "म्हणून खुर्ची रिकामी! मला वाटलं, खरंच आला नाहीस. वाईट वाटलं होतं मला." मग तिनं विचारलं, "पुढच्या वर्षी येशील?"

"कुठे बसू?"

"कढईपाशीच."

सोमवारी आठला पोस्टाची खिडकी उघडली. पहिला माणूस मार्बरी टेकची टोपी घालून आला होता. त्यानं तिकिटांची पट्टी मागितली आणि म्हणाला, "मिस व्हर्लीन, आता तुम्ही आमच्या. आम्हाला मान खाली घालायला लावू नका."

"मी माझं केलंय," ती तिकिटं सरकवत म्हणाली. "आता तुमच्या पोरांना सांगा. माझं नाव आहे त्यांच्यासमोर."