करंजाच्या तेलावरचा जनरेटर

काल जास्वंदीवर मावा पडला म्हणून करंजाचं तेल फवारलं आणि त्या कडवट वासानं मला थेट अंबरनाथच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत नेऊन उभं केलं. नव्वदच्या दशकात तिथं आम्ही दोन मॅनेजर तेलापासून डिझेल करायच्या नादात होतो. मी उल्हासनगरच्या फरसाणवाल्यांकडचं तळून काळं झालेलं तेल घ्यायचे, माझ्यामागून नोकरीला लागलेला दुसरा मॅनेजर वांगणीकडच्या करंजाच्या बियांचं. ज्याचं जमेल त्याचाच प्लांट उभा राहणार होता. त्याचं डिझेल आधी तयार झालं आणि साहेबांनी ते कारखान्याच्या जनरेटरमध्ये घालून बघायला सांगितलं. मी दारात उभी राहून मनात म्हणत होते, धूर ओक, खोकल, बंद पड. तेवढ्यात वीज गेली आणि सगळी प्रयोगशाळा त्याच जनरेटरवर आली. आत माझ्या डिझेलची अर्धी झालेली बॅच मशीनवर ढवळली जात होती. ढवळणं थांबलं असतं तर महिन्याची मेहनत गटारात. मग काय, ही बया पदर खोचून धावली. "अहो, नीट बघा, बंद पडू देऊ नका," मी ऑपरेटरला विनवलं. करंजवाला शेजारीच गालात हसत होता. "काळजी करू नका मॅडम, माझं तेल तुमच्या तेलाला सांभाळून घेईल." मेला जनरेटर वीज येईपर्यंत ठणठणीत चालला, बॅच वाचली आणि मला धड आनंदही होईना. आता मी राहते त्या मांजर्लीत सोसायटीचा जनरेटर लागला, की मी आधी गॅलरीत जाऊन धुराचा वास घेते. करंजाचा नाही अशी खात्री पटली, की मगच पंख्याखाली बसते.