मुठीमुठीचा चहा

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान महिपती, धाटावच्या एका रंगाच्या कंपनीत जन्मभर ऑपरेटर होते. तेवढ्या नोकरीत त्यांनी केमिस्टच्या चिठ्ठीशिवाय एक ड्रम उघडला नाही. हे मी सांगत नाही, तेच सांगतात. जेवताना सांगतात, लग्नात सांगतात, एकदा तर बाराव्याच्या पंगतीतही सांगितलं.

"पावसानं ड्रमाचं लेबल भिजलेलं. अक्षर लागंना. साहेब म्हणतो, टाक रे, तेच हाय. मी म्हटलं, साहेब, तुमीच टाका. मी गेटाबाहेर जाऊन उभा ऱ्हातो."

साहेबाने टाकलं नाही, आणि कंपनी अजून जागेवर आहे.

या माणसाच्या घरी, रोह्याजवळच्या अष्टमी गावात, चुलीच्या वरच्या फळीवर कॉफीच्या आणि मुरांब्याच्या जुन्या बरण्या ओळीने बसलेल्या असत. एकीवरही चिठ्ठी नव्हती. आत साली, मुळ्या, पूड, वाळकी पानं. रंभाताई म्हणायची, "मला इचारू नको गो शांते. मी फक्त पाणी उकळते. बाकी सगळं त्यांच्या हातचं."

हे कसं झालं ते समजायला अष्टमीची पोथी माहीत हवी. श्रावणात तिथल्या देवळात रोज पोथी लागते आणि दाजी ती वाचतात. समाप्तीला प्रत्येक घरातून एक मूठ तांदूळ, एक मूठ डाळ येते, ती सगळी एका टोपात जाते आणि तिची खिचडी होते. कोणाचे तांदूळ तुकडा असोत, कोणाच्या डाळीत खडे असोत, मूठ परत करायची नाही. मूठ परत केली की माणूस परत केला. रीत चांगली आहे. देवाच्या टोपाला ती शोभते.

कोरोनानंतर देऊळ उघडलं त्या श्रावणात दाजींचा घसा बसला. इतके दिवस मोठ्याने वाचायची सवय राहिली नव्हती. ते पेणला आले, आमच्या रामवाडीच्या घरी उतरले आणि कमळाकर वैद्यांकडून ज्येष्ठमध घेऊन गेले. चहात चिमूटभर टाकायचं. घसा असा सुटला, की पुलापलीकडे रोह्यात आवाज जातो असं लोक म्हणू लागले. लोक म्हणतात ते दाजी नेहमी ऐकतात. ज्येष्ठमध चालू राहिलं.

वाचन संपलं की चार माणसं दाजींच्या पडवीत चहाला टेकत. गोडसर चहा सगळ्यांना आवडला. मग बाबाजी, देवळामागे राहणारे, दाजींच्याच वयाचे, अश्वगंधा घेऊन आले. मुलाने पुण्याहून पाठवली होती. "टाक चिमूटभर, झोप चांगली लागते." दाजींनी टाकली. पुतळीकाकूंनी रानातली अर्जुनाची साल आणली. "काळजाला बरी असते भाऊ." तीही गेली. एकाची दालचिनी, दुसऱ्याची गुळवेल, तिसऱ्याची शतावरी. शतावरी बाळंतिणीला देतात असं ताईने हळूच सुचवलं. दाजी म्हणाले, "दिलीय ना प्रेमानं? मग?"

मूठ परत करायची नाही. एवढाच नियम. श्रावण संपला तरी टोप चालूच राहिला.

दोन वर्षांत दाजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकले. गेल्या श्रावणात त्यांना ओव्या दिसेनात आणि पोथी बाबाजींकडे गेली. बाबाजी नाकात वाचतात आणि पान चिकटलं असेल तर चिकटलेलंच उलटतात. दाजी समोर बसून ऐकत होते. ताई सांगते, त्या महिन्यात त्यांचं जेवण निम्म्यावर आलं. पुढच्या श्रावणाआत डोळा करायचाच, असं ठरलं.

पेणच्या डोळ्यांच्या दवाखान्यात तारीख मिळाली. आदल्या संध्याकाळी दोघं आमच्याकडे आली. मी गणपतीला दूर्वा वाहून ठेवल्या. सकाळी दवाखान्यात दाजींनी घाबरायला नको म्हणून थर्मासातला घरचा चहा दोन कप घेतला आणि मग दंडाला पट्टा बांधून घेतला. रक्तदाब इतका, की नर्सने पट्टा बदलून पाहिला. डॉक्टर म्हणाले, असा डोळा उघडता येणार नाही, आधी दाब खाली आणा.

दाबाची गोळी रोह्याच्या डॉक्टरांची आधीपासून चालू होती, ती त्यांनी वाढवली.

"आणखी काही औषध घेता?"

"नाय. तुमचीच गोळी."

"चहा-कॉफी?"

"चहा होतो."

"कमी करा."

दाजी सांगितलेलं ऐकणारे. त्यांनी साखर काढली, दूध काढलं, शेवटी चहाची पत्तीही काढली. बरण्यांतलं मात्र वाढवलं, कारण ते काही चहा नव्हे आणि औषधही नव्हे. ती माणसांची माया होती. होळीनंतर पुन्हा तारीख, पुन्हा थर्मास, पुन्हा परत. रोह्याच्या डॉक्टरांनी आणखी एक गोळी दिली, लघवी करवणारी. वैशाखात तिसऱ्यांदा परत आले तेव्हा दाजी आमच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "शांते, यंदाबी बाबाजीच वाचणार." एवढंच बोलले. एरवी एवढ्या वेळात त्यांचा ड्रम उघडून बंद झाला असता.

मी म्हटलं, उठा. आणि दोघांना कमळाकर वैद्यांकडे नेलं. थर्मास ताईच्या हातातच होता.

वैद्यांनी नाडी पाहिली, पायाच्या घोट्यावर अंगठा दाबला. खड्डा पडला तो पडलाच. मग थर्मास उघडून वास घेतला.

"यात कोण कोण आहे?"

दाजींनी नावं सांगितली. औषधांची नव्हे, माणसांची. बाबाजी, पुतळीकाकू, खालच्या आळीतले. प्रत्येकाने काय दिलं ते ताईने मागून भरलं.

"आणि ज्येष्ठमध कोणी सांगितलं?"

"तुमीच."

"कधी?"

"देऊळ उघडलं त्या साली."

"मी आठवडाभर सांगितलं होतं महिपतराव! घशापुरतं! तीन वर्षं रोज?"

"गुण आला म्हणून..."

"गुण आला की थांबायचं. पाय गळतात का चढावर?"

"व्हय," ताई म्हणाली. "मी म्हटलं, वय झालं."

वैद्यांनी थर्मासाचं झाकण फिरवून घट्ट बंद केलं. "ज्येष्ठमध रोज पोटात गेलं की अंगात पाणी धरून ठेवतं, रक्तदाब चढवतं, रक्तातलं पोटॅशियम उतरवतं. त्यावर ही लघवीची गोळी, तीही पोटॅशियम उतरवते. डॉक्टर खाली ओढतायत, तुम्ही वर ढकलताय, आणि त्यांना पत्ताच नाही. बाकीची मंडळी आत काय करतायत ते मलाही सांगता येणार नाही, सगळी एका टोपात बसलीत. एकेक नवीन घ्यावं. कशासाठी, किती, कधीपर्यंत, ते विचारून घ्यावं. गोळ्या चालू असतील तर गोळ्या देणाऱ्यालाही सांगावं. एवढं होत नसेल तर नुसतं आलं घालून चहा प्यावा आणि देवाचं नाव घ्यावं."

माझ्याने राहवलं नाही. "दाजी, कंपनीत टाकलं असतं का असं, लेबल नसलेलं?"

दाजींनी वर पाहिलं. "कंपनीत ड्रम रागवत नाय गो शांते. अष्टमीत माणसं रागवतात."

वैद्यांनी तिथूनच रोह्याच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी लगेच रक्त तपासून घेतलं, पोटॅशियम खरंच खाली होतं. गोळी त्यांनी बदलली. चहा बंद झाला आणि ताईने फळी पुसून तिथे पापडांचे डबे ठेवले. दाब एकदम उतरला नाही, पण दर आठवड्याला थोडाथोडा उतरत गेला.

खरी परीक्षा मात्र पडवीत झाली. ज्येष्ठातल्या एकादशीला मी अष्टमीला गेले होते. बाबाजी आले, सोबत पुतळीकाकू. बाबाजींनी खिशातून पुडी काढली. "शंखपुष्पी. डोक्याला थंड. टाक."

दाजींनी पुडी हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि परत दिली.

"नको बाबाजी."

पुतळीकाकूंनी माझ्याकडे पाहिलं, मी तुळशीकडे.

"मूठ परत करतोस, महिपती?"

"देवाच्या टोपात टाक, मीच ढवळतो. माझ्या टोपाला डॉक्टर हाय."

"आमचं इष वाटलं व्हय रे तुला?"

"तसं नाय..."

"नाय कसं? पोथी गेली त्याचा राग काढतोस!"

बाबाजी चपला घालून निघाले. काकू अर्ध्या मिनिटाने निघाल्या, बशीतलं बिस्कीट संपवून. त्यानंतर पडवीत कोणी टेकेना. ताई म्हणाली, बरं झालं, कपबशा विसळायच्या वाचल्या. दाजी मात्र संध्याकाळचे पुलाकडे तोंड करून एकटेच आलं घातलेला चहा प्यायचे.

आषाढात डोळा झाला. थर्मासात या वेळी साधं पाणी होतं. श्रावणाच्या पहिल्या दिवशी दाजी काळा चष्मा खिशात घालून पाटावर बसले. डॉक्टरांनी वाचायला परवानगी दिली होती. बाबाजींनी पोथी त्यांच्यापुढे सरकवली, मान दुसरीकडे वळवून.

दाजी वाचू लागले. ओव्या स्वच्छ दिसत होत्या आणि कित्येक वर्षांनी समोरचे श्रोतेही. आमच्याकडे लोक डोळे मिटून, मान खाली घालून ऐकतात, केवढी भक्ती, असं दाजी नेहमी अभिमानाने सांगत. त्या दिवशी त्यांना पुतळीकाकूंचा उघडा जबडा दिसला. खांबाला टेकलेली त्यांची स्वतःची बायको दिसली. जागा एकच माणूस होता. बाबाजी, बोटाने हवेत ओव्या मोजत, दाजी कुठे चुकतात याची वाट पाहत.

आरती झाल्यावर बाबाजी पायरीवर आडवे आले. "मधल्या ओवीत अडखळलास."

"ऐकत होतास म्हणजे."

"मग काय झोपायला येतो?"

दाजींनी देवळात एकवार नजर फिरवली. लोक डोळे चोळत प्रसादाला उठत होते.

"चल," ते म्हणाले. "आल्याचा चहा घे. येताना काय आणू नको."

"मी कशाला आणतोय!" बाबाजी म्हणाले, आणि दाजींच्या पुढे होऊन पडवीची वाट चालू लागले.