मोठ्या मावशीच्या डब्यातलं गटार

सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळातून बाहेर आलो आणि अमेरिकेत पहिलं काय बघितलं असेल तर टायर. चार लेन जाणाऱ्या, चार येणाऱ्या, आणि जिकडं बघावं तिकडं टायर! इस्लामपुरात माझं तीस वर्षं पंक्चरचं दुकान आहे. लोक तिकडं जाऊन उंच इमारती बघतात, मी खिडकीला नाक लावून शेजारच्या गाड्यांची नक्षी बघत होतो (टायरवरच्या खाचांना आम्ही नक्षी म्हणतो). एवढ्या रस्त्यात एक खिळा दिसेना. इथं दुकान टाकलं असतं तर उपाशी मेलो असतो.

गाडी चालवत होती ऋतुजा, माझी भाची. सनीव्हेलला राहते, युनिव्हर्सिटीत पीएचडी करते. गावाकडं आम्ही सांगतो, पोरगी पाण्यावर शिकते. पाण्यावर म्हणजे काय, ते मला माहीत नव्हतं. विचारायची लाज वाटायची. माझं शिक्षण चौथी, तेही मास्तरांना कंटाळा आला म्हणून संपलं.

वाटेत तिनं बरिटो खायला घातला (पोळीत भात, राजमा आणि बरंच काही गुंडाळतात, लेकराला दुपट्यात गुंडाळावं तसं). वरून चांदीसारखा कागद. मला वाटलं वर्ख. दोन घास वर्खासकट गेले. तिसऱ्याला ऋतुजाचं लक्ष गेलं.

दुसऱ्या दिवशी तिनं मला लॅब दाखवली. आत जाताना माझा केशरी मफलर काढून घेतला. अमेरिकेत थंडी असते म्हणून बायकोनं मुद्दाम बाजारातून आणला होता, चांगला केसाळ. ऋतुजा म्हणाली, हा धागे सोडतो, आणि ते धागे म्हणजे प्लास्टिकच. मग दुर्बिणीखाली (लांबचं नाही, बारीक बघायची) तिनं एक थेंब दाखवला. सगळं इंग्रजीत असेल या भीतीनं मी एक डोळा मिटून बघितलं, आणि उडालोच. काळे काळे लांबट तुकडे, धुळीत लोळवलेल्या शेवयांसारखे.

"अगं ऋतू, हा तर आपला माल! टायरचा भुगा आहे हा."

ती माझ्याकडं बघतच राहिली. हे ओळखायला तिला वर्ष लागलं होतं म्हणे. आयुष्यात पहिल्यांदा मी कुठल्या परीक्षेत पास झालो, तेही अमेरिकेत, तेही एक डोळा मिटून.

तिचं काम मला त्या दिवशी कळलं. गाडी पळते तसा टायर झिजतो. झिजलेला भुगा रस्त्यावर बसतो, पाऊस तो धुऊन ओढ्यात नेतो. त्याच्यातल्या रसायनानं काही जातींचे मासे मरतातसुद्धा. मला वाटायचं, अमेरिकेचं गटार म्हणजे कुठंतरी आरओला जोडलेलं असणार. तर नाही. स्टॉर्म ड्रेन (रस्त्यावरच्या पावसाचं गटार) सरळ ओढ्याला आणि ओढा सरळ खाडीला. त्या जाळीशेजारी माशाचं चित्र काढलेलं असतं. मी विचारलं, इथं मासे ताजे मिळतात का? ती म्हणाली, हे पाणी माशांच्या घरी जातं, कचरा टाकू नका, असं आहे ते.

संध्याकाळी खाडीवर गेलो. डोंगर कडब्यासारखे पिवळे, खाली चिखलात लांब चोचीचे पक्षी. उन्हाळाभर तिकडं थेंब पडत नाही. सहा महिन्यांचा भुगा रस्त्यावर साठतो आणि पहिल्या पावसात एकदम निघतो. ऋतुजाला तोच पाहिजे होता. पहिला पाऊण तास जातं ते पाणी. हुकलं तर पुढच्या वर्षापर्यंत बसा.

त्यासाठी तिनं अपार्टमेंटच्या मागच्या पार्किंगमध्ये, गटाराच्या तोंडाशी, परवानगी काढून एक मशीन बसवलं होतं. आत काचेच्या बारा बाटल्या. पाणी चढलं की मशीन आपोआप सुरू होतं आणि एकेक बाटली भरतं. हे तिनं मला दोनदा समजावून सांगितलं. मी दोनदा मान हलवली.

आता दसरा आला. सकाळी ऋतुजा गाडी ठेवून रेल्वेनं लॅबला गेली, अंघोळ करून मी एकटा. दसऱ्याला गाडी धुवायची नाही, हत्यार पुजायचं नाही, हे माझ्यानं होईना. पार्किंगमध्ये बागेचा पाइप होता. भाचीची गाडी घेतली धुवायला. शेजारची शिल्पा, नागपूरची, घरातूनच सॉफ्टवेअरचं काम करते, ती गॅलरीतून म्हणाली, "मामा, माझीपण करून द्या ना यार, प्लीज." मग तिची. मग आणखी दोन, त्या कुणाच्या हे मला आजही माहीत नाही. टायर घासल्याशिवाय गाडी धुतली असं आमच्यात म्हणतच नाहीत, तेव्हा सोळा टायर ब्रशनं घासले. काळं पाणी झोकात गटाराकडं निघालं.

गटारापाशी मशीन घरघरायला लागलं. मला बरं वाटलं. म्हटलं, बघा, दसऱ्याचं त्यालाही कळतंय. त्याला हळदकुंकू लावलं, शिल्पानं दिलेलं झेंडूचं फूल वाहिलं, नमस्कार केला.

मशीन सुरू झालं की ऋतुजाच्या फोनवर मेसेज जातो, हे तिसऱ्यांदा सांगायला पाहिजे होतं.

ती आली तेव्हा बाराही बाटल्या भरलेल्या. फुटपाथच्या कडेला बसली आणि आभाळाकडं बघितलं. पश्चिमेकडून काळं येत होतं, पाऊस तासाभरावर.

"मामा, भुगा काचेला चिकटतो, नुसत्या पाण्यानं निघत नाही, बाटल्या लॅबमध्येच धुवाव्या लागतात. जायला तास, यायला तास."

मी पाइप हातात धरून उभा. त्या पाइपानं स्वतःला धुऊन गटारात सोडावं असं वाटलं. धुतल्या त्या चारच जागा होत्या, बाकी पार्किंग आणि रस्ता अजून काळाच होता. भुगा होता, भांडं नव्हतं.

"काचच लागते का गं?" मी विचारलं.

"प्लास्टिक नको, एवढंच."

"मग स्टील चालतंय?"

तिनं मान वर केली. वरून शिल्पा म्हणाली, "स्टील? माझ्याकडे आख्खं लग्न पडलंय यार."

खरंच पडलं होतं. दोन बॅगा भरून डबे, सगळे नाव घातलेले. आपल्याकडं आहेराच्या भांड्यावर कोणी दिलं ते कोरून घेतात, ते सगळे पाहुणे सनीव्हेलला आले होते. ऋतुजानं घरी आणून ठेवलेल्या लॅबच्या शुद्ध पाण्यानं प्रत्येक डबा तीनदा खळखळला. एकात नुसतं स्वच्छ पाणी भरून उघडा ठेवला, हवेतून आणि आमच्या अंगावरून काय पडतं ते कळायला. मग माझ्याकडं वळली. माझी ट्रॅकपँट आणि जाकीट, दोन्ही प्लास्टिक. काढ म्हणाली.

तर थेंब पडायला लागले तेव्हा मी अमेरिकेच्या फुटपाथवर सुती बनियन आणि पंचावर पालथा पडलेलो, एक हात गटाराच्या तोंडात, हातात तांब्या. कुत्रं फिरवणारा एक म्हातारा थांबला, मला काही मदत हवी का म्हणून त्यानं विचारलं. शिल्पानं त्याला सांगितलं, हे इंडियातून आलेले तज्ज्ञ आहेत. म्हातारा आदरानं पुढं गेला. कुत्रं मात्र वळून वळून बघत होतं, त्याला पटलं नव्हतं.

आणि पाणी आलं! आधी घोटभर, मग कोऱ्या चहासारखं, मग डांबरासारखं काळं. माझा हात थंडीनं बधिर, तरी मी ओरडत होतो, आला माल, आला! डब्यांना चिकटवलेल्या चिठ्ठ्या ओल्या होऊन गळून पडत होत्या, म्हणून ऋतुजा डब्यावरचं नाव वाचून वहीत वेळ टाकायला लागली. पहिली पाच मिनिटं, मोठी मावशी. दहा मिनिटं, आजोळ नागपूर. पंधरा मिनिटं, समस्त मित्रमंडळ. पाऊण तासात सगळं वऱ्हाड भरलं. शेवटच्या डब्याला झाकण लावून ऋतुजा चिखलातच माझ्या गळ्यात पडली. गंजीफ्रॉकला धागे नाहीत ना, हे तेवढ्यातही तिनं बघितलं.

चार दिवसांनी तिच्या मॅडमनी नमुने चालतील म्हणून सांगितलं. फक्त विचारलं, ही मोठी मावशी कुठल्या प्रकारचं उपकरण आहे? स्वच्छ पाण्याच्या डब्यात एक केशरी धागाही सापडला. मफलर घरात होता, मी बाहेर होतो, तरी माझा सहभाग राहिलाच. माझ्या धुण्याच्या बारा बाटल्याही ऋतुजानं टाकल्या नाहीत. वेगळ्या ठेवल्यात, झेंडूच्या पाकळीसकट.

परत आलो. दुकानावर माणसं जमली, अमेरिकेत काय बघितलं म्हणाली. मी सांगितलं, गटार. हसली सगळी, मीही हसलो.

मग एक ट्रॅक्टरवाला आला. पॅच बसवायच्या आधी टायर खरवडून घ्यावा लागतो, तसा घेतला. भुगा पडला. तीस वर्षं करतो तसा हवेचा पाइप उचलला, फुर्रकन समोरच्या गटारात उडवायला. गटार ओढ्याला, ओढा कृष्णेला. हात तसाच राहिला.

आता ओलं पोतं टाकून भुगा गोळा करतो आणि डब्यात ठेवतो. डबा बायकोचा, लग्नातला. वर कोरलंय, ‘जावईबापूंस सप्रेम’. बायको दोन दिवस बोलत नव्हती. तिसऱ्या दिवशी तिनं झाकण उघडून बघितलं आणि विचारलं, याचं पुढं काय करायचं? मला माहीत नव्हतं. ऋतुजाला फोन केला, तर तिलाही नीटसं माहीत नव्हतं. विचारून सांगते म्हणाली.

आज आठवा दिवस. डबा काठोकाठ भरलाय. बायकोनं आतून दुसरा आणून ठेवला, तिच्या मोठ्या मावशीचा.